उशाशी ठेवलेली जुनी गोळी

माझ्या आत्याच्या उशाशी बावीस वर्षं स्टीलचा एक छोटा डबा असायचा. त्यात खडीसाखर, चार लवंगा आणि गोळ्यांची एक पट्टी. यजमान गेले त्या वर्षी तिची झोप उडाली, जेवण तुटलं, माणसांत यायची ती थांबली. तेव्हा गावातल्या डॉक्टरांनी ही गोळी सुरू केली आणि दोनेक महिन्यांत आत्या पुन्हा ओट्याशी उभी राहिली. तेव्हापासून घरात सगळे त्या गोळीला ‘झोपेची गोळी’ म्हणायचे. पट्टीवरचं नाव होतं अमिट्रिप्टिलीन, २५ मिलिग्रॅम.

मागच्या वर्षी आत्याला हृदयविकाराचा झटका आला. स्टेंट बसला, चौथ्या दिवशी घरी सोडलं. डिस्चार्ज कार्डावर आठ औषधं होती. ही नववी कुठेच नव्हती. भरती करताना ‘आधीची काही औषधं?’ असं विचारलं, तेव्हा आम्ही बीपीची सांगितली, साखरेची सांगितली. झोपेची गोळी सांगायची असते हे आमच्यापैकी कुणाच्याच मनात आलं नाही. घरी आल्यावर आत्यानं सवयीनं ती घेतली. तिसऱ्या रात्री लघवीला उठली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि पलंगाशेजारीच कोसळली. सुदैवानं हाड मोडलं नाही.

सकाळी चुलतभावानं मोबाइलवर शोधाशोध केली. ‘नैराश्यावरच्या जुन्या गोळ्यांनी हृदयविकाराचा धोका’ अशी बातमी त्याला सापडली आणि त्यानं ती पट्टी तडक कचऱ्यात टाकली. पुढचे चार दिवस, गोळी पुन्हा सुरू होईपर्यंत, आत्याला मळमळ, घाम, अस्वस्थपणा; डोळा लागला की भयानक स्वप्नं. म्हणजे गोळी विसरण्याची चूक आणि गोळीला घाबरण्याची चूक, दोन्ही आमच्या घरात एका आठवड्यात झाल्या. अशा गोळ्या वर्षानुवर्षं घेणारी माणसं आपल्या आजूबाजूला पुष्कळ आहेत, म्हणून हा विषय नीट मांडावासा वाटला.

या गोळ्यांचा जन्म स्वित्झर्लंडचा. बोडेन सरोवराकाठी म्युन्स्टरलिंगेन नावाचं गाव आहे. तिथल्या मनोरुग्णालयात रोलांड कून हे डॉक्टर बाझेलच्या गायगी कंपनीनं पाठवलेलं एक रसायन तपासत होते. स्किझोफ्रेनियावर ते चालेल अशी आशा होती, ती फोल ठरली. १९५६ च्या जानेवारीपासून कून यांनी ते तीव्र नैराश्याच्या रुग्णांना दिलं, आणि महिनोन्‌महिने खिन्न बसलेली माणसं बोलू लागली, जेवू लागली. १९५७ मध्ये झुरिकच्या जागतिक परिषदेत त्यांनी हे सांगितलं, तेव्हा ऐकायला जेमतेम डझनभर माणसं होती. ते रसायन म्हणजे इमिप्रमिन. कून यांनी अशी कितीतरी रसायनं रुग्णांच्या संमतीविना तपासली होती, हे झुरिकच्या इतिहासकारांनी २०१९ मध्ये पुस्तकरूपानं समोर आणलं. औषधाचा उपयोग खरा होता आणि त्या रुग्णांवरचा अन्यायही खरा होता.

इमिप्रमिनच्या मागोमाग १९६१ मध्ये अमेरिकेत अमिट्रिप्टिलीनला मान्यता मिळाली. पुढे नॉर्ट्रिप्टिलीन, क्लोमिप्रमिन, डोथिएपिन अशी भावंडं आली. रेणूच्या आकृतीत तीन कड्या एकमेकींना जोडलेल्या दिसतात, म्हणून या कुळाला ट्रायसायक्लिक म्हणतात. १९८७ च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुओक्सेटिनला मंजुरी मिळाली आणि नव्या गोळ्यांचं युग सुरू झालं. तरी जुन्या गोळ्या गेल्या नाहीत. अमिट्रिप्टिलीन आजही जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, कारण ते स्वस्त आहे आणि गुण देतं.

आपल्याकडे तर ही गोळी नैराश्याच्या दारातून कमी आणि दुखण्याच्या दारातून जास्त येते. मधुमेहात तळपायांची आग होते, मुंग्या येतात, रात्री पांघरुणाचा स्पर्शही सोसत नाही. अशा वेळी प्रिगाबालिन किंवा गॅबापेन्टिनबरोबर नॉर्ट्रिप्टिलीन घातलेली जोडगोळी दिली जाते. पट्टीवरच्या नावाच्या शेवटी ‘एनटी’ अशी अक्षरं दिसली, तर ती बहुधा हीच. अर्धशिशी वारंवार होऊ नये म्हणून अमिट्रिप्टिलीन देतात, जुनाट पाठदुखीत देतात. भारतात मधुमेही सुमारे १० कोटी १० लाख आहेत, असा अंदाज आयसीएमआरच्या पाहणीतून २०२३ मध्ये समोर आला. त्यांतल्या ज्यांच्या पायांच्या नसा बिघडल्या आहेत, त्यांच्यापैकी कितीतरी जण ‘नसांची गोळी’ म्हणून जे घेतात, ते नैराश्यावरचं जुनं औषध आहे हे त्यांना ठाऊकच नसतं. आणि मधुमेह्याचं हृदय आधीच नाजूक असू शकतं. त्याला झटकासुद्धा छातीत न दुखता येऊ शकतो.

आता ही गोळी हृदयाशी काय करते ते पाहू. मेंदूत तिचं काम सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन या दोन संदेशवाहकांना जरा जास्त वेळ टिकवून ठेवण्याचं. पण एका घरचं पत्र घेऊन आलेल्या माणसानं आळीतली सगळी दारं वाजवावीत, तसं तिचं होतं. हिस्टामिनचं दार वाजतं, म्हणून झोप येते आणि वजन वाढतं. अ‍ॅसिटिलकोलिनचं दार वाजतं, म्हणून तोंडाला कोरड पडते, शौचाला साफ होत नाही, वयस्कर पुरुषांची लघवी अडते, नाडी जलद होते. आत्याच्या डब्यातल्या खडीसाखरेचा आणि लवंगांचा उलगडा मला इथं झाला. बावीस वर्षं तिचं तोंड कोरडं पडत होतं आणि मधुमेह झाल्यावरही ती दिवसभर खडीसाखर चघळत होती. रक्तवाहिन्यांना आवळून धरणाऱ्या यंत्रणेचंही दार वाजतं. मग माणूस झटकन उभा राहिला की रक्त पायांकडे उतरतं, वाहिन्या वेळेवर आवळत नाहीत, रक्तदाब कोसळतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. झटक्यानंतर आत्याला रक्तदाब उतरवणारी दोन नवी औषधं सुरू झाली होती. त्यांत ही जुनी मिसळली आणि ती पडली.

सगळ्यात महत्त्वाचं दार हृदयाच्या पेशींवर आहे. प्रत्येक ठोक्याच्या आधी विजेची एक लहर हृदयातून वरून खाली जाते. सोडियमचे कण पेशीत झपाट्यानं शिरतात आणि ती लहर पुढं सरकते. ट्रायसायक्लिक गोळी या सोडियमच्या दारातून होणारी ये-जा मंदावते, त्यामुळे लहर हळू चालते. शेताला पाणी देताना पाट स्वच्छ असला, तर पाणी जरा हळू सोडलं तरी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोचतं. पाटात मध्येच मातीचा ढिगारा असला, की तेच हळू पाणी अडतं, वळसा घालतं, आल्या वाटेनं मागं फिरतं. निरोगी हृदय म्हणजे स्वच्छ पाट. झटका येऊन गेलेल्या हृदयात मृत स्नायूचा व्रण असतो, तो ढिगारा. तिथं वीज गोल फिरू लागली की ठोके बेताल होतात, आणि हा बेतालपणा कधी कधी जिवावर बेततो.

हे ईसीजीच्या कागदावर डोळ्यांनी दिसतं. तो गुलाबी चौकटींचा कागद सेकंदाला २५ मिलिमीटर वेगानं सरकतो, म्हणजे एक बारीक चौकट ०.०४ सेकंदाची. प्रत्येक ठोक्याला जे टोकदार शिखर उमटतं त्याला क्यूआरएस म्हणतात. त्याची रुंदी तीन बारीक चौकटींच्या, म्हणजे ०.१२ सेकंदाच्या आत असायला हवी. गोळीनं वहन मंदावलं की शिखर पसरट होतं. दुसरं मोजमाप क्यूटीसीचं, म्हणजे ठोक्यानंतर हृदय पुन्हा सज्ज व्हायला लागणाऱ्या वेळाचं. पुरुषांत साधारण ४५० आणि स्त्रियांत ४६० मिलिसेकंदांपर्यंत ते ठीक धरतात. ५०० च्या पुढे गेलं तर डॉक्टर लगेच हालचाल करतात. बहुतेक यंत्रं हे आकडे कागदाच्या वरच्या बाजूला स्वतःच छापतात. जुने ईसीजी फेकू नयेत ते यासाठी. पाच वर्षांपूर्वीचा कागद आजच्या शेजारी ठेवला, की डॉक्टरांना एका नजरेत फरक कळतो.

गंमत म्हणजे, एकेकाळी या गुणामुळेच डॉक्टर खूश होते. वहन मंदावल्यामुळे इमिप्रमिन हृदयाचे जादा, अवेळी पडणारे ठोके कमी करतं, असं १९७० च्या दशकात दिसलं. म्हणजे हे तर हृदयाला हितकारकच, असं वाटू लागलं. मग अमेरिकेत कास्ट नावाची मोठी चाचणी झाली. तीत ट्रायसायक्लिक नव्हत्या. सोडियमचं दार अडवणारी एन्कॅनाइड आणि फ्लेकॅनाइड ही ठोक्यांवरची औषधं झटका येऊन गेलेल्या १४९८ रुग्णांत बिनऔषधी गोळीशी ताडून पाहिली होती. औषधांनी जादा ठोके खरोखर कमी झाले. पण औषध घेणाऱ्यांत ६३ मृत्यू झाले आणि बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांत २६. चाचणीचा हा भाग १९८९ मध्येच थांबवावा लागला. ठोके कागदावर सुधारले म्हणून माणूस वाचतोच असं नाही, हे त्या दिवशी वैद्यकाला कळलं. ट्रायसायक्लिक याच प्रकारे दार अडवतात म्हटल्यावर त्यांच्याकडे पाहण्याची नजर बदलली. १९९८ मध्ये हृदयविकार आणि नैराश्य दोन्ही असलेल्या ८१ रुग्णांवर थेट तुलना प्रसिद्ध झाली. नॉर्ट्रिप्टिलीनच्या ४० जणांपैकी ७ जणांना हृदयाचा गंभीर त्रास झाला, पॅरोक्सेटिन या नव्या गोळीच्या ४१ जणांपैकी एकाला.

चुलतभावाला सापडलेली बातमी बहुधा स्कॉटलंडच्या अभ्यासाची असावी. या विषयावर ती पुनःपुन्हा फिरत असते. १४,७८४ प्रौढांना, ज्यांना आधी हृदयविकार नव्हता, सरासरी आठ वर्षं न्याहाळलं. ट्रायसायक्लिक घेणाऱ्यांत हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराचा धोका ३५ टक्क्यांनी जास्त दिसला. फ्लुओक्सेटिन-पॅरोक्सेटिनसारख्या नव्या, एसएसआरआय कुळातल्या गोळ्यांत तसा दिसला नाही. ३५ टक्के वाचून छातीत धस्स होतं. पण ३५ टक्के कशाचे, हे विचारायला हवं. त्या अभ्यासात एकूण १४३४ जणांना असा आजार झाला, म्हणजे आठ वर्षांत दर १०० जणांमागे साधारण १०. त्यात ३५ टक्के वाढ धरली, तर १०० मागे १३ ते १४. ढोबळ हिशेब आहे हा, पण बातमीतून जी भीती वाटते तिच्यापेक्षा पुष्कळ लहान. शिवाय त्या अभ्यासात या गोळ्या घेणारे होते जेमतेम २.२ टक्के. माणसं इतकी थोडी असल्यानं खरी वाढ ३ टक्के असू शकते किंवा ७७ टक्केही, असा संशोधकांचाच अंदाज होता. आणि ज्यांना जुनं दुखणं, निद्रानाश, अनेक वर्षांची खिन्नता आहे, त्यांनाच या गोळ्या मिळतात. ती माणसं आधीपासून जास्त आजारी असतील, तर दोष गोळीचा किती आणि आजाराचा किती? संशोधकांनी धूम्रपान, वजन, मानसिक त्रास यांचा हिशेब जमेल तितका वेगळा काढला, तरी अशा पाहणीतून कारण पक्कं सिद्ध होत नाही.

मात्रेची गोष्ट तर बातम्यांत येतच नाही. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातला २००४ चा एक मोठा अभ्यास आहे. अचानक हृदय बंद पडून येणाऱ्या मृत्यूचा धोका दिवसाला १०० मिलिग्रॅमपेक्षा कमी मात्रेत वाढलेला दिसला नाही. ३०० मिलिग्रॅम आणि त्यावरच्या मात्रेत मात्र तो अडीच पट होता. पायांच्या आगीसाठी किंवा अर्धशिशीसाठी १० ते २५ मिलिग्रॅम घेणारा माणूस आणि नैराश्यासाठी १५० घेणारा माणूस यांना एकच बातमी घाबरवते, हे मला चुकीचं वाटतं.

अर्थात कमी मात्राही वाढू शकते, ती आपल्या नकळत. यकृतातलं जे विकर ही गोळी पचवतं, त्याचं काम फ्लुओक्सेटिन आणि पॅरोक्सेटिन अडवतात. मग गोळी तीच राहते, रक्तातलं प्रमाण मात्र चढतं. काही माणसांत ते विकर जन्मतःच मंद असतं. त्यात पित्तावरच्या कॅप्सूलची भर. जिच्या नावात ‘डीएसआर’ असतं तीत डोम्पेरिडोन असतं आणि ते ईसीजीतला हाच क्यूटी वेळ लांबवतं. उलटीवरचं ऑन्डान्सेट्रॉन, घशाच्या संसर्गाला दिलं जाणारं अ‍ॅझिथ्रोमायसिन हीही त्याच माळेतली. सूज उतरवायच्या, ‘लघवीच्या’ म्हणतात त्या गोळीनं किंवा चार दिवसांच्या जुलाबांनी शरीरातलं पोटॅशियम घटलं, तर धोका आणखी वाढतो. एकेक औषध आपापल्या जागी बरोबर असतं. हृदयाचा डॉक्टर एक लिहितो, मधुमेहाचा दुसरं, पोटाचा तिसरं. सगळ्या चिठ्ठ्या एकत्र ठेवून वाचणारं कुणी नसतं, आणि आपल्याकडच्या उपचारांतली ही मोठी उणीव आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

मग जुनी गोळी सोडून सरळ नवी घ्यावी का? झटका येऊन गेलेल्यांसाठी आज बहुतेक डॉक्टर सर्ट्रालिनकडे वळतात, आणि त्याला आधार आहे. २००२ च्या एका चाचणीत झटका किंवा अस्थिर अंजायना (हृदयाला रक्त कमी पडून उठणारी छातीदुखी) होऊन गेलेल्या ३६९ नैराश्यग्रस्तांत ती हृदयाला सुरक्षित ठरली. पण नवी म्हणजे निर्धोक असंही समजू नये. सिटॅलोप्राम मात्रेनुसार क्यूटी लांबवतं, म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकानं २०११ मध्ये दिवसाला ४० मिलिग्रॅमची मर्यादा घातली आणि पुढच्या वर्षी साठीपुढच्यांसाठी ती २० वर आणली. एसएसआरआय आणि अ‍ॅस्पिरिन एकत्र आलं तर रक्तस्राव वाढू शकतो, आणि वयस्कर माणसांत रक्तातलं सोडियम घटू शकतं.

आणि औषधच नको म्हणावं, तर उपचाराविना राहिलेलं नैराश्य हृदयाला सोडत नाही. १९९३ मध्ये माँट्रियलमधल्या संशोधकांनी झटका आलेल्या २२२ रुग्णांचा सहा महिने मागोवा घेतला. ज्यांना नैराश्य होतं, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण कितीतरी पटींनी जास्त निघालं. खिन्न माणूस चालायला जात नाही, औषधं चुकवतो, तंबाखू सोडत नाही, नीट जेवत नाही. ताणाची संप्रेरकं चढलेली राहतात, रक्त लवकर गोठतं. निमहान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार आपल्या देशात दर २० प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येऊन जातं. गोळीच्या भीतीनं त्यांच्यातल्या एकानंही उपचार सोडू नयेत, असं मला मनापासून वाटतं.

आत्याच्या बाबतीत गोळी वाईट नव्हती. बावीस वर्षांपूर्वी, पन्नाशीच्या आत असलेल्या आणि धडधाकट हृदयाच्या बाईला ती योग्यच दिली होती. पुढे आत्याचं वय वाढलं, साखर आली, रक्तदाब आला, शेवटी झटका आला. गोळी मात्र जुन्या चिठ्ठीवर औषधाच्या दुकानातून येतच राहिली. झटक्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात ती देऊ नये, असं या औषधाच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं. पण ती चालू आहे हे डॉक्टरांना कळलंच नाही, तर ते थांबवणार तरी काय?

म्हणून घरातल्या वयस्कर माणसांच्या गोळ्यांच्या पट्ट्या एकदा टेबलावर मांडा. झोपेची, नसांची, पित्ताची, वैद्यांनी दिलेली, सगळ्या. प्रत्येकीचं खरं नाव आणि मात्रा एका कागदावर उतरवा. ट्रायसायक्लिक सापडली तर डॉक्टरांना चार गोष्टी विचारा: ही कशासाठी सुरू केली होती, आजही तिची गरज आहे का, आजच्या हृदयाला ती चालेल का, आणि ईसीजी शेवटचा कधी काढला? रक्तदाब आडवं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत, असा दोनदा मोजून घ्या. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं घसरला तर तो खरा दोष समजायचा. घरात कुणी तरुण वयात अचानक गेलं असेल तर तेही सांगा. चक्कर येऊन शुद्ध हरपली, छाती बेताल धडधडली, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. गोळी मात्र आपल्या मनानं बंद करू नका. ती हळूहळू, काही आठवडे घेऊन उतरवायची असते, नाहीतर आत्यासारखे हाल होतात. मनाच्या त्रासाबद्दल कुणाशी बोलावं हेच कळत नसेल, तर केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते.

आत्याच्या गोळ्यांचा कागद आम्ही पुढच्या तपासणीला नेला. हृदयाच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, मानसोपचारतज्ज्ञांशी फोनवर बोलले. २५ ची १० झाली, दीड महिन्यानं तीही थांबली, आणि तिच्या जागी सकाळची सर्ट्रालिन आली. उभं राहिल्यावरचा रक्तदाब आता घसरत नाही. तिच्या फायलीच्या पहिल्या पानावर नऊ औषधांची नावं मोठ्या अक्षरांत लिहिली आहेत, आणि उशाशी खडीसाखरेचा डबा नाही.